शेवटच्या 'नाही'पर्यंत

बँकेच्या नोकरीत काही वर्षं मी एका ग्रामीण शाखेत होतो. एकदा मित्राच्या कर्जाला जामीन राहण्यासाठी एक शेतकरी आला. सातवी पास. कागद पुढे सरकवून मी म्हटलं, "वाचून घ्या." बोट ठेवून तो मोठ्यानं वाचू लागला. एकेक शब्द सुटा, मध्ये मोठी थांबणी. चूक म्हणावी तर एकही नाही. "काय समजलं?" असं विचारल्यावर तो ओशाळून हसला. "साहेब, तुमीच सांगा की."

वाक्याचा मतलब एवढाच होता, की कर्जदारानं हप्ते थकवले तर जामीनदाराला जबाबदारी टाळता येणार नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकारही बहुधा तिथंच असतो. बोट त्या 'नाही'पर्यंत पोचलं तेव्हा वाक्याचा आरंभ त्याच्या मनातून कधीच निसटला होता. मी अर्थ उलगडून सांगितला, तेव्हा त्यानं पेन खाली ठेवलं. सरकारदप्तरी मात्र हा माणूस साक्षरच होता.

अक्षर ओळखणं आणि वाचणं यांत जे अंतर आहे, ते आपल्या शाळांनी अजून तोडलेलं नाही. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालानुसार ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी पाचवीतली मुलं 2018 साली 50.5 टक्के होती. करोनानंतर, 2022 साली ती 42.8 टक्क्यांवर आली आणि 2024 साली 48.8 टक्क्यांपर्यंत सावरली. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलं अजून अलीकडच्याच काठावर आहेत.

कारण सोपं आहे. मनाचं लक्ष मर्यादित असतं. जोडाक्षर फोडण्यातच ते खर्ची पडलं, तर अर्थासाठी गाठीला काही उरत नाही. अमेरिकेत लाबर्ज आणि सॅम्युएल्स या अभ्यासकांनी 1974 साली हा विचार मांडला. पुढे 1979 साली सॅम्युएल्स यांनी त्यावर उपाय सुचवला, की एकच छोटा उतारा ओघ येईपर्यंत पुन:पुन्हा वाचायचा.

पण 'पुन्हा वाच' हे शब्द मुलाच्या कानाला शिक्षेसारखे लागतात. समजलेली गोष्ट चार-चार वेळा का वाचायची, हा त्याचा प्रश्न रास्तच आहे. त्याला रास्त उत्तर नाटकवाल्यांकडे आहे. नट तालीम करतो ती शिक्षा म्हणून नव्हे, तर शुक्रवारी प्रयोग असतो म्हणून!

या पद्धतीला आपण नाट्यवाचन म्हणू. पाठांतर नाही, पोशाख नाही, पडदा नाही. संहिता हातात धरून, आपल्या वाट्याचं वाक्य आवाजानं जिवंत करायचं. मार्टिनेझ, रोझर आणि स्ट्रेकर या तीन अभ्यासक बाईंनी 1999 साली दुसरीच्या वर्गांतला असा प्रयोग प्रसिद्ध केला. रोज अर्धा तास, दहा आठवडे. तालमी करणाऱ्या मुलांच्या वाचनाचा वेग इतर वर्गांतल्या मुलांपेक्षा बराच अधिक वाढला.

निवृत्तीनंतर मी जवळच्या एका शाळेत तिसरीच्या मुलांबरोबर हे करून पाहिलं. पहिल्यांदा मीच फसलो. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट दिली, ती मुलांना तोंडपाठ! कागदाकडे कोणी बघेचना. मग मी ती नव्यानं संवादांत लिहिली आणि वाघाला दातदुखी दिली. एरवी वाचताना मान खाली घालणाऱ्या मुलानं वाघ मागून घेतला. सोमवारी तो शब्द जुळवत होता. बुधवारी त्यानं मला विचारलं, "इथं वाघ रागावलाय की रडतोय?" त्या प्रश्नापाशी मी थबकलो. कारण कोणत्या सुरात म्हणायचं हे विचारणारं मूल अर्थच विचारत असतं. श्वास कुठे घ्यायचा, स्वल्पविरामाला किती थांबायचं, 'नाही'वर किती जोर द्यायचा, हे अर्थ कळल्याशिवाय ठरत नाही.

यात दोन धोके मात्र आहेत. पहिला स्नेहसंमेलनाचा. मोठी भूमिका चुणचुणीत मुलीला आणि अडखळणारा मुलगा झाड म्हणून उभा, असं झालं तर ज्याला गरज त्याच्याच तोंडी शब्द उरत नाहीत. त्याला छोटं पण महत्त्वाचं वाक्य द्यावं, भूमिका दर आठवड्याला बदलाव्यात. दुसरा धोका घड्याळाचा. मिनिटाला शब्द किती, याचीच शर्यत लागली की मुलं वाक्यांवरून धावत सुटतात, नि धावणाऱ्याच्या हातूनही 'नाही' निसटतोच.

अभ्यासक्रमातून वेळ कुठून काढायचा, असं शिक्षक विचारतात. वेळ वेगळा नकोच, धड्यातलेच संवाद घ्यावेत. आणि घरी? श्रावणात कहाणी वाचायची तर आजी वाचायची आणि आम्ही मुलं ऐकायचो. आता आजीनं एक पात्र घ्यावं, दुसरं नातवाला द्यावं. तो अडखळला तर शब्द हिसकावून घेऊ नये, जरा थांबावं. दहा मिनिटं पुरतात.

हा मुलगाही उद्या कुठल्या तरी कागदावर सही करील. समजावून सांगायला तेव्हा समोर कोणी असेलच असं नाही. वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ मनात धरून ठेवण्याचं बळ त्याला आजच यायला हवं, मग ते वाघाच्या दातदुखीतून आलं तरी चालेल.