देव हवा, पण कशासाठी?

गेल्या काही वर्षांत आमच्या धर्मग्रामांतून एका नव्या शब्दाने मुक्काम ठोकला आहे. तो शब्द म्हणजे ‘मोटिव्हेशन’. युवक शिबिर असो, दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ असो, विवाहपूर्व मार्गदर्शन असो की उपवासकाळातील तपसाधना असो, आयोजकांची पहिली मागणी ठरलेली असते : वक्ता मोटिव्हेशनल हवा. वक्ता येतो, यशाची सात सूत्रे सांगतो, टाळ्या घेतो आणि जाता जाता बायबलमधील एखादे वचन मधाच्या बोटासारखे चाटवून जातो. श्रोते ताजेतवाने होऊन घरी परततात. तक्रार कोणाचीच नसते. आमची आहे, आणि ती आज स्पष्ट शब्दांत मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

खचलेल्या माणसाला उमेद देणे हे वाईट, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पहाटेची लोकल गाठून रात्री घरी परतणाऱ्या तरुणाच्या पाठीवर कोणी हात ठेवला, तर त्यात पुण्यच आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. या भाषणांत देवाला एक नोकरी दिलेली असते. यश हे साध्य आणि देव हे साधन! विश्वास ठेव म्हणजे मुलाखत चांगली होईल, रोज रोझरी म्हण म्हणजे व्हिसा मिळेल, दशांश दे म्हणजे दसपटीने परत येईल. अशा उपदेशात प्रभूचे नाव असते, परंतु सिंहासनावर बसलेला असतो तो आमचा हेतू. प्रभू त्याच्या दाराशी हुकमाची वाट पाहत उभा असतो.

योहानकृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचकांनी पुन्हा एकदा सावकाश वाचावा. पाच हजारांना पोटभर भाकरी मिळाली. दुसऱ्या दिवशी तीच माणसे होड्या घेऊन सरोवर ओलांडून प्रभूच्या शोधात आली. आजच्या हिशेबाने पाहिले तर केवढे हे यश! प्रभूने मात्र त्यांची पाठ थोपटली नाही. तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधीत आहात, असे त्याने त्यांना तोंडावर सांगितले. पुढे त्याचे बोलणे कठीण वाटू लागले, तेव्हा पुष्कळ शिष्य माघारी फिरले. त्यांना थोपविण्यासाठी प्रभूने आपले बोलणे सौम्य केले नाही. उलट, तुम्हीही जाऊ इच्छिता काय, असे त्याने बारा जणांना विचारले. गर्दी टिकविण्यासाठी शुभवर्तमान पातळ करणाऱ्यांनी या प्रश्नाचे चिंतन करावे.

संत इग्नेशियस लोयोला यांनी हा रोग फार अचूक ओळखला होता. १५४८ साली पोपमहोदयांची मान्यता लाभलेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात माणसांच्या तीन प्रकारांचे एक चिंतन आहे. तिघांजवळही दहा हजार मोहरांएवढे धन आहे, त्यावर तिघांचेही मन जडले आहे आणि तिघांनाही देवाशी समेट हवा आहे. पहिला आसक्ती सोडीन सोडीन म्हणतो, पण मरेपर्यंत काहीच करीत नाही. तिसरा धन ठेवणे वा सोडणे सर्वस्वी देवाच्या इच्छेवर सोपवितो. दुसरा मात्र मोठा चतुर! त्याला आसक्ती सोडायची आहे, पण धन हातचे जाऊ द्यायचे नाही. आपण जिथे उभे आहोत तिथेच देवाने यावे, असे त्याला वाटते. वाचकहो, आजच्या या प्रेरणादायी धर्माचा खरा भक्त हाच दुसरा माणूस होय. तो प्रार्थना करतो, उपवास करतो, देणगीही देतो. फक्त निर्णय आधीच घेऊन ठेवतो आणि देवाची सही तेवढी मागतो.

आमच्यावर एक आरोप होईल, त्याची आम्हांस कल्पना आहे. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या डोंगरावर मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरे वाहणारी माणसे किंवा माहीमच्या चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेनाला लोटणारी गर्दी, हे सारे तुम्ही खोटे ठरविता काय? नाही! आजारी लेकराची आई मेणबत्ती लावते, तेव्हा तिच्या हेतूची चिरफाड करण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रभूने स्वतः मागायला शिकविले आणि रोजच्या भाकरीलाही प्रार्थनेत स्थान दिले. गरजेने देवाच्या दारी येणे हे लांच्छन नव्हे; बहुतेक माणसे याच वाटेने येतात. दहा कुष्ठरोगीही गरजेपोटीच आले होते आणि दहाही बरे झाले. प्रश्न आहे तो बरे झाल्यानंतरचा. परतला तो एकच, आणि तोही शोमरोनी. दारापर्यंत गरज आणते. परंतु आत नेण्याऐवजी माणसाला दारातच आयुष्यभर बसवून ठेवणाऱ्या उपदेशाशी आमचे भांडण आहे.

हे भांडण केवळ शब्दांचे नाही. मूल गेल्यावर एका कुटुंबाला बाहेरून आलेल्या एका प्रवचनकाराने सांगितले की, तुमचा विश्वास कमी पडला. त्या आईबापांनी पुढे दोन वर्षे चर्चची पायरी चढली नाही. त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? देव म्हणजे यशाची हमी असे एकदा ठरले की अपयशाला दोनच अर्थ उरतात : देव नाही, किंवा मी नालायक आहे. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने तो हिशेबच नाकारला. आम्ही मात्र तो पुन्हा नव्या वेष्टनात विकावयास काढला आहे.

ज्यांनी देवाला खरोखर शोधले, त्यांच्या वाट्याला सदैव उत्साह आला असेही नाही. आविलाची संत तेरेजा प्रामाणिकपणे लिहून ठेवते की, कित्येक वर्षे प्रार्थनेचा तास केव्हा संपतो याकडेच तिचे लक्ष अधिक असे. तरीही ती बसत राहिली. कोलकात्याच्या मदर तेरेसांची पत्रे २००७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की त्यांनी अनेक दशके अंतरीचा काळोख सोसला. तरी रस्त्यावरील मरणासन्न माणसाला उचलणारे त्यांचे हात थांबले नाहीत. कोणत्या मोटिव्हेशनने हे साधले असते? उत्साह ही भावना आहे. ती येते आणि जाते. निष्ठा मात्र भावना ओसरल्यावरच ओळखू येते.

आमच्या मराठी मातीतही या गोष्टीची साक्ष आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पदरी काय पडले? आप्तांचा रोष आणि पत्नी लक्ष्मीबाईंचा काही वर्षांचा वियोग. ते आमच्या पंथाचे नव्हते. परंतु देवशोधाची किंमत त्यांनी रोख मोजली, हे मान्य करण्यात कसली अडचण? याच मातीत वारकरी पायी पंढरी गाठतो आणि गर्दीत केवळ कळसाचे दर्शन झाले तरी कृतार्थ होऊन परततो. त्याच्यापासून आम्ही काही शिकणार की नाही?

म्हणून आमची मागणी साधी आहे. युवक शिबिरातील एक व्याख्यान कमी करावे आणि तो तास पवित्र साक्रामेंतासमोर मौनात घालवावा. त्या तासात कोणी काहीही मागू नये. ज्यांचा नवस फळला, त्यांनी पुढच्या बुधवारीही यावे, आणि ज्यांचा फळला नाही त्यांच्या शेजारी बसावे. दहावीच्या मुलाला आशीर्वाद देताना त्याला हेही सांगावे की, तू नापास झालास तरी हे दार तुझ्यासाठी उघडेच आहे. टाळ्या कमी पडतील, कदाचित खुर्च्याही रिकाम्या होतील. त्या होऊ द्याव्यात. भाकरी संपल्यावरही जे मागे राहतात, त्यांच्याच बळावर ख्रिस्तसभा आजवर उभी आहे.