आजीच्या कपाळावरचं गोंदण पुसायचे किती घेणार?

पोस्ट लांब आहे, चिडून लिहिलेली आहे आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरच आहे. वेळ असेल तर वाचा.

डोंबिवली पूर्वेला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, बारशी, साखरपुडे आणि गेलेल्या माणसांच्या फ्रेमा. गेल्या आठवड्यात पंचविशीचा एक मुलगा आला. आजी गेली होती, दहाव्याच्या आत फ्रेम हवी होती. मोबाइलमधला फोटो झकास होता. उन्हात ओट्यावर बसलेली म्हातारी, थेट कॅमेऱ्याकडे बघणारी. कपाळावर उभी चिरी, हनुवटीवर ठिपका, गालावर एक. मुलगा म्हणाला, "दादा, ते हिरवं हिरवं काढून टाका ना. चेहरा जरा साफ करा. किती घ्याल?"

बोलताना त्याने हात काउंटरवर ठेवला. मनगटापासून कोपरापर्यंत काळाभोर टॅटू. मी विचारलं, हे कसलं डिझाइन? तो म्हणाला, "ट्रायबल."

आजी मुळची मुरबाडकडची, असं त्यानेच सांगितलं. म्हणजे कल्याणहून एसटीने तासाभराचा रस्ता. तिथल्या बाईच्या अंगावरची नक्षी पुसायची, आणि पॅसिफिक महासागरातल्या कुठल्यातरी बेटावरच्या नक्षीची कॉपी हजारो रुपये देऊन हातावर काढायची. पहिल्याला घाण म्हणायचं, दुसऱ्याला स्टाइल. त्या पोराला मी दोष देत नाही. पोरगा दुःखात होता आणि सगळे करतात तेच मागत होता. मी दोष देतोय तो आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांना.

आता माझं पाप सांगतो. चौदा वर्षं हे काम करतोय. किती म्हाताऱ्यांच्या कपाळावरून गोंदण पुसलं असेल याचा हिशोब नाही. शेजारची कातडी उचलायची, गोंदणावर लावायची, कडा मऊ करायच्या, दोन मिनिटांचं काम. पन्नास रुपये जास्तीचे. माझ्या स्वतःच्या आजीचा भिंतीवरचा फोटोही मीच 'साफ' केलाय. वडिलांनी सांगितलं नव्हतं, कोणीच सांगितलं नव्हतं. हाताला सवय लागली होती, आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना आपण गावंढळ वाटू नये हेही डोक्यात असणारच.

आजीने म्हशाच्या जत्रेत गोंदून घेतलं होतं, सात-आठ वर्षांची असताना. काजळीचा रंग, सुया, आणि हात धरून ठेवायला दोन बाया. ती सांगायची, खूप रडले. हातावर तुळस होती, विंचू होता आणि कोपराजवळ ठिपक्यांची एक चौकट होती. "सोनं काढून घेतील, हे कोण काढणार? हे सोबत येतं," असं म्हणायची. बरोबर, जळेपर्यंत कोणी काढलं नाही. नंतर नातवाने काढलं, कॉम्प्युटरवर.

दर पाडव्याला फडके रोडवर जा. नऊवारी, नथ, चंद्रकोर, आणि गेली काही वर्षं हनुवटीवर आयलायनरने काढलेले तीन ठिपके. 'पारंपरिक लूक'. ठाण्यात तलावपाळीवरही तेच. दिवसभर फोटो, संध्याकाळी फेसवॉश. पोरी सुंदर दिसतात, हौस करू दे, माझं काही म्हणणं नाही. त्या दिवसाच्या ऑर्डरवर माझंही पोट आहे. फक्त एवढंच दिसतं की धुऊन जाणारं गोंदण आपल्याला चालतं. न जाणारं असलं की त्यातून गाव दिसतं, जात दिसते, गरिबी दिसते.

दुसरी टोळी माझ्याच धंद्यातली. रविवारी पहाटे गाड्या काढून शहापूर-मुरबाडच्या ठाकरवाड्यांत, कातकरवाड्यांत जाणारे हौशी फोटोग्राफर. लाखाची लेन्स, आणि शोध कशाचा, तर गोंदलेल्या सुरकुतलेल्या तोंडाचा. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायचा, सुरकुत्या अजून खोल करायच्या, स्पर्धेला पाठवायचा. खाली शीर्षक 'ट्रायबल वुमन' किंवा 'टाइमलेस'. फोटोग्राफरचं नाव, कॅमेऱ्याचं नाव, लेन्सचं नाव, शटर स्पीडसुद्धा. बाईचं नाव नाही. तिच्या पदरात बिस्किटाचा पुडा.

एका प्रदर्शनात मी एकाला विचारलं, या आजींचं नाव काय? म्हणाला, "अरे भाषेचा प्रॉब्लेम होता." ठाणे जिल्ह्यात! ती बाई मराठीच बोलते रे बाबा, तुझ्या-माझ्यापेक्षा ठसक्यात.

ही खोड जुनी आहे. विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबाने १८६३ ते १८६६ या काळात मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. माणसांचे फोटो एकीकडे काढायचे आणि कापून दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवायचे, ही त्याची पद्धत. पुढे १८६८ ते १८७५ मध्ये सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड छापले. त्यातही माणूस म्हणजे जमातीचा नमुना. त्याआधी कंपनी सरकारने बंगाल आणि मद्रास इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवला होता. ती शिक्षा १८४९ साली बंद झाली. दुसऱ्याच्या अंगावर काय लिहायचं आणि त्यातलं काय बघायचं हे आपण ठरवायचं, ही साहेबाची नजर. साहेब गेला, नजर आपल्या डोळ्यांत ठेवून गेला.

दुसरीकडे काय झालं बघा. फिलिपिन्समध्येही स्पॅनिश लोकांनी गोंदलेल्या माणसांना 'पिंतादोस' म्हणजे रंगवलेले असं नाव ठेवलं. पुढे अमेरिकेने १९०४ च्या सेंट लुईसच्या जत्रेत तिथल्या डोंगरी लोकांना चक्क प्रदर्शनात बसवलं. त्याच डोंगराळ भागात, कलिंगा प्रांतातल्या बुस्कालन गावात, वांग-ओद नावाची म्हातारी बांबूच्या काठीला काटा बांधून काजळीने गोंदते. एप्रिल २०२३ मध्ये 'व्होग फिलिपिन्स'ने तिला मुखपृष्ठावर घेतलं. वय १०६. फोटो आर्तू नेपोमुसेनोचा. गोंदण पुसलेलं नाही, चेहरा गुळगुळीत केलेला नाही, आणि ती 'ट्रायबल वुमन' नाही, वांग-ओद आहे. तिथेही सगळं गोड नाही. २०२१ मध्ये तिच्या नावाने ऑनलाइन कोर्स विकायला निघाला, घरच्यांनी हरकत घेतली, वाद झाला आणि कोर्स काढावा लागला. पण वाद झाला, हे महत्त्वाचं. आमच्या ठाकरवाडीतल्या बाईच्या चेहऱ्यावर कोणी बक्षीस मिळवलं तर वाद घालायला तिला ते कळायला तरी हवं.

कायदाही तिच्या बाजूने नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन काढवून घेतलेला फोटो साधारणपणे पैसे देणाऱ्याचा, नाहीतर काढणाऱ्याचा. जिचा चेहरा तिचा हक्क कुठेच नाही. म्हणूनच निदान विचारा, नाव लिहा, प्रिंट नेऊन द्या आणि बक्षिसाचे पैसे आले तर तिचा वाटा द्या. यात अवघड काय आहे?

काही जण म्हणतील, फोटो काढले म्हणून तर गोंदणाची नोंद राहिली. नाव नाही, गाव नाही, साल नाही, नक्षीला काय म्हणतात ते नाही, ती नोंद कसली?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. एक ताई मला म्हणाल्या, लहान पोरींना धरून सुया टोचायच्या, त्याचं कसलं कौतुक? पुसलं तर बिघडलं काय? मान्य. आजीची मर्जी कोणी विचारली नव्हती. डोंबिवलीला आमच्याकडे आली की ती लिफ्टमध्ये पदर कपाळावर ओढून घ्यायची, तेही मी पाहिलंय. ज्या बाईला ते नको असेल तिला नाही म्हणायचा मला अधिकार नाही. एक मावशी स्वतः आल्या होत्या, हातावर सोडून गेलेल्या नवऱ्याचं नाव. म्हणाल्या, फोटोत तरी हा नको. मी पुसलं, पैसे घेतले नाहीत. पण स्वतःहून सांगणारी ती एकच. बाकी सगळ्यांच्या वतीने मुलगा, सून, नातू बोलला, आणि बहुतेकदा बाई गेल्यावर.

लोकलने जाणाऱ्यांनी लोहमार्ग पोलिसांचे फलक पाहिले असतील. अनोळखी मृतदेह, वय अंदाजे, उंची, रंग, आणि 'उजव्या हातावर गोंदलेले'. चेहरा ओळखू येत नाही तेव्हा पोलीस गोंदणाचा फोटो काढतात, आणि त्यावरून कोणाचं तरी माणूस घरी पोचतं. सैन्यभरतीतही टॅटूला कडक मर्यादा आहे, हाताचा आतला भाग आणि पंजाची मागची बाजू, बस. पण रूढीप्रमाणे गोंदलेल्या आदिवासी मुलांचा वेगळा विचार होतो. सरकारी कागदाला जे कळतं ते आम्हाला घरच्या फोटोत खुपतं.

त्या मुलाला मी दोन प्रिंट काढून दिल्या. एक त्याने मागितली तशी, एक जशीच्या तशी. तो बराच वेळ बघत राहिला. मग दोन्ही पिशवीत घातल्या आणि गेला. भिंतीवर कुठली लागली माहीत नाही.

माझ्या आजीचा मूळ फोटो मात्र सापडत नाहीये. जुन्या हार्ड डिस्कमध्ये मी त्याच फाइलवर सेव्ह केलं होतं. कोपराजवळच्या त्या चौकटीला काय म्हणतात हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता बघायलाही ती नाही.

पण गिऱ्हाइकांच्या २०१६ पासूनच्या मूळ फाइली माझ्याकडे आहेत. माझ्याकडून ज्यांनी आजीचा, आईचा फोटो साफ करून नेलाय, त्यांनी या. मूळ प्रिंट फुकट देतो, फ्रेम जुनीच आणा. सोमवारी दुकान बंद असतं.