घराला गिऱ्हाईक नाही, म्हणून बहिणीचा हिस्सा खुपतो

सुरगाण्यात घर विकायला काढणं म्हणजे नाशिकमध्ये फ्लॅट विकायला काढणं नव्हे. नाशिकमध्ये बाजार थंड असला तर भाव थोडा खाली आणून गिऱ्हाईक मिळतं. सुरगाण्यात भाव उतरवला तरी दारात कोणी येत नाही, कारण अडचण भावाची नसतेच. घेणारेच मोजके आहेत.

आमचं घर अडीच वर्षांपासून विकायचं आहे. अब्बांचा इंतकाल झाल्यावर अम्मी नाशिकला भाईजानकडे राहायला गेली, छोटा भाऊ वापीला नोकरीला, आपा मालेगावला सासरी, मी नाशिकच्या एका शाळेत शिकवते. मागे राहिलं ते बाजारपेठेतलं कौलारू घर, पुढे दुकानाचा गाळा आणि मागे आंब्याचं एक झाड. या अडीच वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. घर विकलं न गेल्याचा ताण जेवढा बाजारातून येतो तेवढाच घरातून येतो, आणि तो हलका करायला घरातली सगळ्यात सोपी जागा शोधली जाते. ती जागा म्हणजे बहिणीचा हिस्सा.

आधी बाजाराचं सांगते, कारण तो समजून घेतला नाही तर माणूस उगाच स्वतःला किंवा दलालाला दोष देत बसतो. सुरगाणा तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास होती आणि तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त आदिवासी. पेठ आणि कळवणसारखा हा अख्खा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. जमीन महसूल संहितेतल्या १९७४ पासूनच्या तरतुदींमुळे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. आमच्यासारख्या बिगर-आदिवासी मालकाचं घर कुणालाही विकता येतं, पण घेणारा जर आदिवासी शिक्षक किंवा ग्रामसेवक असेल तर तो पुढचा विचार करतो. उद्या आपल्याला विकायचं झालं तर गिऱ्हाईक आणखी कमी होणार, हे त्याला ठाऊक असतं. बाहेरचा व्यापारी आला तर त्याला कायद्याच्या नुसत्या नावाने धास्ती वाटते, कागद न बघताच तो परत जातो.

आपल्यातले काही जण यावर त्या कायद्यालाच शिव्या देतात. मला ते पटत नाही. याच भागातल्या माणसांनी वनजमिनीच्या कागदासाठी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी मोर्चा नेला होता. जमीन हातची गेली की काय होतं, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगलं आहे. आपल्या एका घराला गिऱ्हाईक लवकर मिळावं म्हणून ते कुंपण काढा म्हणणं शोभत नाही.

बाकी कारणं साधी आहेत. गावातल्या गरजूला पंतप्रधान आवास किंवा शबरी घरकुलातून मदत मिळते ती स्वतःच्या जागेवर बांधायला, त्यामुळे जुनं घर विकत घेण्यात त्याला रस नसतो. नोकरदार बरेचसे नाशिक, दिंडोरी, वणीहून अप-डाउन करतात. दिवाळीनंतर कष्टकरी माणूस द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातो. पावसाळ्याचे चार महिने तर कोणी घर बघायलाच येत नाही. (खरं तर आमच्यासारखं कौलारू घर बघावं ते पावसातच. कुठे गळतं, कुठे ओल येते, सगळं दिसतं. मे महिन्यात प्रत्येक घर चांगलंच असतं.) २०२० च्या सप्टेंबरात सरकारने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवलं तेव्हा मुंबई-पुण्यात नोंदणीला रांगा लागल्या होत्या. पण ज्या गावात घेणाराच मुळात नाही तिथे शुल्क उतरून तो कुठून यायचा?

आता घरातलं. छोट्या गावात घर विकायला काढलं की ती खासगी गोष्ट राहत नाही. भाजी घेताना, नमाजला जाताना, बसस्टँडवर, कोणीही विचारतं, 'विकलं का?' प्रश्न आपुलकीचाच असतो, पण दिवसातून चारदा आला की माणूस चुकलेल्या हिशेबासारखा स्वतःकडे बघू लागतो. भाईजान सणासुदीलाही गावी जायचं टाळू लागला. अम्मी तर फोन वाजला की आधी विचारायची, 'गिऱ्हाईक आहे का?' होम्स आणि राहे या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९६७ मध्ये ताण देणाऱ्या ४३ घटनांची यादी केली होती. तिच्यात राहतं ठिकाण बदलणं आहे, मोठं कर्ज काढणं आहे. न विकल्या जाणाऱ्या घराची वाट बघणं मात्र नाही. घटना घडून गेली की तिला तारीख असते. वाट बघण्याला तारीख नसते, आणि खरा त्रास तोच आहे.

या त्रासातूनच हिस्स्याची गोष्ट निघते. आमच्याकडे वारस पाच: अम्मी, दोन भाऊ, आम्ही दोघी बहिणी. अम्मीचा आठवा हिस्सा काढला की उरलेल्यात भावाला दोन तर बहिणीला एक. घराचे ४८ भाग केले तर अम्मीचे ६, प्रत्येक भावाचे १४, प्रत्येक बहिणीचे ७. (अम्मीचा मेहर द्यायचा राहिला असेल तर तो अब्बांवरचं कर्ज आहे, आणि वाटणीच्या आधी फेडायचा असतो. किती घरांत हे विचारलं जातं, तुम्हीच आठवून बघा.) आम्ही ३० लाख सांगितले होते. दीड वर्षाने एकाने २४ लाखांना मागितलं. ३० लाखांत प्रत्येक भावाला पावणेनऊ लाख मिळाले असते, २४ लाखांत सात. म्हणजे दोघा भावांचं मिळून साडेतीन लाखांचं नुकसान. आणि २४ लाखांत एका बहिणीचा हिस्सा किती? बरोबर साडेतीन लाख.

हा आकडा मी मुद्दाम मांडते आहे. मंदीत भावाला आपला तोटा दिसतो, तो खोटा नसतो. अनोळखी गिऱ्हाइकाशी घासाघीस करून तो भरून निघत नाही. मग नजर जाते ती जिच्याशी घासाघीस करावीच लागत नाही तिच्याकडे. आमच्या घरातही वाक्य आलं, अगदी प्रेमाने आलं: 'भाव कमी आला आहे, तुम्ही दोघींनी यावेळी हक्कसोड करून टाका ना.' जणू भाव पडला तो फक्त बहिणींच्या वाट्याचा. पडलेल्या भावात त्यांचा हिस्सा आधीच साडेचार लाखांच्या जवळून साडेतीनवर आला होता, हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं.

सूरह निसाची ११वी आणि १२वी आयत हिस्से सांगते, ते आपल्याला पाठ असतं. सातवी आयत तेवढी आठवत नाही. आईवडिलांनी मागे ठेवलेलं थोडं असो वा फार, त्यात पुरुषांसारखाच स्त्रियांचाही ठरलेला वाटा आहे, असा तिचा आशय आहे. थोडं असो! मंदीचा बाजार याहून स्पष्ट शब्दांत कोणी विचारात घेतला असेल असं मला वाटत नाही. बाकी सगळे मुद्दे तुम्ही ऐकलेले असतील. लग्नात खर्च केला. माहेर तुटेल. लोक काय म्हणतील, बहीण भावाकडे पैसे मागते. लग्नातला खर्च वारशातून वळता करायची सोय ना शरिअतमध्ये आहे ना कायद्यात. आणि साडेतीन लाखांनी जे माहेर तुटतं ते माहेर आधीच किती जोडलेलं होतं, असा प्रश्न आपाने विचारला. मला तो विचारायला जमला नसता.

हक्कसोडपत्र फार सोपं असतं, हीच त्यातली मेख आहे. घर विकताना गिऱ्हाइकाला हजारो-लाखोंचा मुद्रांक लागतो, बहिणीचा हक्क वारसांमध्ये काही शेकडा रुपयांच्या मुद्रांकावर सुटतो. निबंधक कार्यालयात अंगठा, फोटो, दोन साक्षीदार, अर्धा तास. एखादीला खुशीने सोडायचा असेल तर कोणी अडवू नये. पण खुशी तपासायची एक साधी रीत आहे: आधी रक्कम तिच्या खात्यात जाऊ द्या. महिन्याभराने तिला वाटलं तर ती परत देईल. हातात न आलेली गोष्ट देणं आणि हातात आलेली देणं, यात फरक आहे, आणि तो भावांनाही कळतो. म्हणून तर सही आधी मागतात.

दुसरा धोका रोखीचा. त्या २४ लाखांच्या गिऱ्हाइकाला आठ लाख रोख द्यायचे होते आणि खरेदीखत सोळाचं करायचं होतं. घर विकताना २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोखीने घेता येत नाहीत, घेतले तर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. पण मला कायद्याइतकीच दुसरी गोष्ट खटकली. कागदावर सोळा आले की बहिणींचा हिशेब सोळावर होतो आणि आठ लाख कुठल्या तरी कपाटात जातात. रोखीच्या व्यवहारात बायकांचा हिस्सा असा न भांडताच नाहीसा होतो. मी नाही म्हटलं, दोन दिवस घरात अबोला होता. पुढे तो व्यवहार आपोआपच मोडला, कारण गिऱ्हाइकाला कर्ज देणाऱ्या बँकेने विचारलं की मिळकतीला अजून मयताचंच नाव कसं?

आणि हे फक्त आमच्याकडे नाही. सुरगाण्यात ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, पण घरपट्टीच्या उताऱ्यावर आजोबांचीच नावं असलेली कितीतरी घरं आहेत. आजोबांचं नाव म्हणजे फुफीही वारस, आणि फुफी हयात नसेल तर तिची मुलं. ऐनवेळी हे सगळे शोधत फिरायचं म्हणजे ताण दुप्पट. तुम्ही वीस-पंचवीस वर्षांचे असाल तर घरातला मोबाइल, अर्ज, जाहिराती हे सगळं तुमच्याच गळ्यात आहे, म्हणून तुम्हालाच सांगते: गिऱ्हाईक नाही तो काळ कागदांसाठी वापरा. वारस नोंद करून सगळ्यांची नावं लावून घ्या, बहिणींचीही. मोजणीचा नकाशा, घरपट्टी आणि वीजबिलाच्या पावत्या एका फाइलीत ठेवा. एकदा नोंदीवर नाव आलं की 'बहिणींना काय विचारायचं' हे वाक्य घरात ऐकू येईनासं होतं. भावांनाही त्यात सुटका आहे. मग प्रत्येक निर्णयाचं ओझं एकट्या मोठ्यावर राहत नाही.

आम्ही पाच जणांनी मिळून एका कागदावर चार गोष्टी लिहिल्या. अमुक रकमेच्या खाली द्यायचं नाही. अमुक महिन्यापर्यंत वाट बघायची, मग पुन्हा बसायचं. गिऱ्हाइकाशी एकानेच बोलायचं, ते काम छोट्याकडे. आणि अम्मीसमोर घराचा विषय रविवारीच काढायचा. शेवटची ओळ वाचून सगळे हसले, पण अम्मीची झोप तिनेच परत आणली असं मला वाटतं. भाईजानची मात्र आली नाही. त्याला रात्री दोनला जाग यायची, छाती धडधडायची, तपासणीत हृदयात काही निघालं नाही. पुरुषाने घरच्या ताणाबद्दल बोलायचं तरी कोणाशी, ही आपल्याकडची जुनी अडचण. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. त्याने तीन आठवडे टाळलं आणि मग एका रात्री गॅलरीत उभं राहून पाऊण तास बोलला. काय बोलला ते आम्ही विचारलं नाही.

मार्चमध्ये आम्ही घर भाड्याने दिलं. आरोग्य खात्यात काम करणाऱ्या एक बाई आणि त्यांचं कुटुंब राहायला आलं आहे. करार अकरा महिन्यांचा आहे आणि रीतसर नोंदवलेला. घर विकायचं आहे हे त्यांना आधीच सांगितलं, पुढे परवडलं तर त्याच घेतील असं त्या म्हणतात. भाडं ४,८०० रुपये ठरलं तेव्हा छोटा म्हणाला, हिशेबाला सोपं आहे. अम्मीला ६००, दोघा भावांना १,४०० प्रत्येकी, आम्हा दोघींना ७०० प्रत्येकी. पहिल्या महिन्याचे माझे ७०० रुपये त्याने ५ तारखेला पाठवले. एप्रिलचे दोन दिवस उशिरा आले.