केमोथेरपीपूर्वीच ओळखता यावा रक्तातील धोका

चंदीगड : फुफ्फुसाच्या कर्करोगावर केमोथेरपी घेतलेला रुग्ण अनेकदा त्याच दिवशी घरी परततो. औषधाचा रक्तावरील गंभीर परिणाम मात्र साधारणतः सात ते चौदा दिवसांनी, तो रुग्णालयापासून दूर असताना दिसू लागतो. येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत, अर्थात ‘पीजीआय’मध्ये, पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि जम्मू-काश्मीरमधून रुग्ण येतात. त्यांच्यासाठी हे अंतर जिवावर बेतू शकते. त्यामुळे कोणाच्या रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतील, हे आधीच ओळखण्याला महत्त्व आहे.

केमोथेरपीची औषधे वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींवर आघात करतात. त्यात अस्थिमज्जेतील, रक्त तयार करणाऱ्या पेशीही सापडतात. संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी प्रति घनमिलिमीटर १,०००च्या खाली गेल्यास दुष्परिणाम तिसऱ्या श्रेणीचा, तर ५००च्या खाली गेल्यास चौथ्या श्रेणीचा मानला जातो. अशा वेळी साधा वाटणारा तापही प्राणघातक ठरू शकतो.

वय, पोषण, सहव्याधी आणि उपचारापूर्वीची रक्तगणना यांवरून धोक्याचा काही अंदाज येतो. कार्बोप्लॅटिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने त्याची मात्रा मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेनुसार ठरवण्याचे सूत्र १९८९ पासून उपलब्ध आहे. इरिनोटेकॅनच्या बाबतीत यूजीटी१ए१ या जनुकातील भेदामुळे धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये त्याची नोंद औषधाच्या माहितीपत्रकात केली. ‘पीजीआय’ आणि पतियाळाच्या थापर संस्थेतील संशोधकांनीही उत्तर भारतीय रुग्णांमधील जनुकीय भेद आणि केमोथेरपीचे दुष्परिणाम यांचा संबंध अभ्यासला आहे.

मात्र एकटे जनुक संपूर्ण उत्तर देत नाही. ज्येष्ठ रुग्णांसाठी २०११ आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन प्रमुख गुणांकन पद्धती अमेरिकी रुग्णांच्या माहितीवर आधारलेल्या आहेत. कुपोषण, रक्तक्षय आणि क्षयरोग यांचे प्रमाण भारतात वेगळे असल्याने त्या येथील रुग्णांवर पडताळून पाहणे अपरिहार्य ठरते.

चुकीच्या अंदाजाची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. धोका कमी लेखला, तर संसर्ग बळावतो. तो अवाजवी मानून मात्रा घटवली, तर कर्करोगावरील उपचारच दुबळा होतो. तापासह न्यूट्रोफिल घटण्याची शक्यता २० टक्क्यांहून अधिक असल्यास पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन आधीच द्यावे, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस आहे. नेमका अंदाज असेल, तर हा खर्च गरजूंपुरता मर्यादित ठेवता येईल.

ऑगस्ट २०२२ मध्ये चंदीगडलगतच्या मुल्लांपूर येथे होमी भाभा कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन झाल्याने या भागातील उपचारांची क्षमता वाढली आहे. तथापि, ज्याच्या बाबतीत धोका अधिक असल्याचे आधीच कळले, त्याची दहाव्या दिवशीची रक्तगणना गावाजवळच्या रुग्णालयात होईल आणि ताप येताच त्याला प्रतिजैविक मिळेल, अशी व्यवस्था नसेल, तर अचूक अंदाजही कागदावरच राहील.