किटोच्या ताटात भाकरीला जागा नाही

वजन आणि रक्तातील साखर झटपट उतरावी म्हणून अनेक जण ‘किटो’ आहाराकडे वळत आहेत. त्यात दिवसभरात कर्बोदके साधारण २० ते ५० ग्रॅमच घ्यायची असतात. सोलापूरच्या ताटाला हे गणित लावले, तर ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीतच सुमारे ३४ ग्रॅम कर्बोदके निघतात. शेंगाचटणी थोडीफार चालेल. पण भाकरी, डाळ, हुलगे, डाळिंब हे सारे जवळपास बंद.

कर्बोदके मिळेनाशी झाली, की यकृत चरबीपासून किटोन तयार करते आणि शरीर त्यावर चालते. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी हा आहार अपस्मारासाठी सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात लहान मुलांना तो आजही देतात. मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी तपासण्या करून. दीर्घकाळ किटोवर राहिलेल्या या मुलांपैकी काहींमध्ये मुतखडा, हाडांची झीज आणि कोलेस्टेरॉलची वाढ आढळली.

प्रौढांमध्ये सुरुवातीला वजन आणि साखर घटते, हे खरे. पण वर्षभरानंतर इतर आहारांच्या तुलनेत हा फायदा बराच कमी होतो. तूप, लोणी, मटण यांवरच भर राहिला, तर काहींचे ‘एलडीएल’ म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल खूप वाढते. तंतुमय पदार्थ घटल्याने बद्धकोष्ठता होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले, तर मुतखड्याची भीती अधिक.

सर्वांत मोठी जोखीम मधुमेहींना आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या चालू असताना किटो केल्यास, साखर फारशी न वाढताही रक्तातील आम्ल धोकादायक पातळीवर जाऊ शकते. ग्लुकोमीटरवर आकडा ठीक दिसत असल्याने मळमळ, उलट्या, धाप याकडे दुर्लक्ष होते. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर एकदम खाली येऊ शकते.

याचा अर्थ भाकरी-भात हवा तितका खावा, असा नाही. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२५ मधील अहवालानुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. ती कमी व्हायलाच हवी. मात्र ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मधील २०१८ च्या अभ्यासात फार कमी आणि फार जास्त कर्बोदके खाणाऱ्या दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण अधिक दिसले. अशा निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही, पण टोक गाठू नये एवढा इशारा त्यातून मिळतो.

म्हणून साखर, मैदा आणि भात आधी कमी करावा. तीनऐवजी दोन भाकऱ्या, सोबत उसळ, डाळ, पालेभाजी घ्यावी. तरीही किटो करायचाच असेल, तर आधी डॉक्टरांना चालू औषधे दाखवावीत आणि कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी.