पान उघडून बोलूया

परदेशातल्या अनेक मराठी मंडळांत आता वाचनगट असतो. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी दहा-बारा जण जमतात, ठरलेल्या कादंबरीवर बोलायला लागतात, आणि थोड्याच वेळात बोलणं आजोळच्या वाड्यावर, एसटीच्या प्रवासावर, शाळेतल्या मास्तरांवर येतं. पुस्तक मांडीवर मिटलेलंच राहतं. या गप्पांत जिव्हाळा असतो, याबद्दल वाद नाही. पण त्यात कादंबरी हातची जाते, आणि त्याचा सर्वांत जास्त तोटा आपल्यासारख्या लांब राहणाऱ्यांना होतो. महाराष्ट्राच्या आठवणी आपल्याजवळ भरपूर आहेत. त्या आठवणींच्या बाहेरचा महाराष्ट्र मात्र आपल्याला फारसा ठाऊक नाही, आणि तो दाखवायला कादंबरीसारखं दुसरं साधन आपल्या हाताशी नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. 1955 सालची, आटोपशीर, त्यामुळे वाचनगटांच्या यादीत सहज येणारी. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीत तरुण मास्तर शाळा चालवायला येतो, एवढं म्हटलं की मेंढरं, चावडी, म्हातारा कारभारी असं चित्र उभं राहतं आणि ज्याला-त्याला आपलं गाव आठवतं. पण याच पुस्तकात वाडीतल्या शेकू नावाच्या माणसाजवळ एकच बैल आहे, आणि जुवाच्या दुसऱ्या बाजूला त्याची बायको खांदा देते. माडगूळकर हे आवाज न चढवता सांगतात. कीव नाही, संताप नाही. मास्तर बघतो आणि सांगतो. या सांगण्यामुळे ते दृश्य जास्त झोंबतं, की मास्तर अलिप्त राहून स्वतःला सोडवून घेतो? यावर दोन बाजूंनी भरपूर बोलता येईल, पण ते पान काढून पुन्हा वाचलं तरच. पुढे वाडीतली माणसं राबून तालीम बांधतात, सगळं मार्गी लागल्यासारखं वाटतं, आणि मग दुष्काळ पडतो. माणसं जगायला बाहेर पडतात, वाडी ओस होते. 'आमच्या गावाची आठवण झाली' असं म्हणून पुस्तक मिटणाऱ्याच्या हातून नेमका हा शेवट निसटतो. पोटासाठी गाव सोडणं हा आपलाही विषय आहे. आपण तिकीट काढून निघालो, ती माणसं पाऊस आला नाही म्हणून निघाली. या दोन्ही जाण्यांत काय सारखं आहे आणि काय मुळीच सारखं नाही, यावर आपल्या मंडळात बोलणं व्हायला हवं.

स्वतःचा अनुभव दाराबाहेर ठेवून या, असं मी म्हणत नाही. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये तो उपयोगीच पडेल. 1939 सालची ही कादंबरी युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर घडते. बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू आहेत, आणि मायदेशी परतणारा चक्रधर विध्वंस आहे. त्या ज्यूंपैकी हॅर्टा आणि तो जवळ येतात. मुंबईला तो उतरतो, तिला पुढे जावं लागतं. परवाना, मुदत, शिक्का या शब्दांची धास्ती परदेशी राहणाऱ्याला समजावून द्यावी लागत नाही, म्हणून आपण हे पुस्तक इतरांपेक्षा बारकाईने वाचू शकतो. पण तो अनुभव परत पुस्तकाकडे यायला हवा. चक्रधर आपली हतबलता आपणच सांगतो. त्यावर कितपत विश्वास ठेवायचा? त्याच्या हातात काहीच नव्हतं, की होतं आणि त्याने केलं नाही? नुसती करुण प्रेमकथा म्हणून वाचली, तर हे प्रश्न उठतच नाहीत.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की लोक येतात ते माणसांसाठी, पुस्तक हे निमित्त. आठवडाभर दुसऱ्या भाषेत राबून आलेल्या माणसाला चार घटका मराठीत मोकळं बोलायचं असतं. ही गरज खरी आहे आणि मी ती कमी लेखत नाही. पण गप्पा आठवणींच्या असल्या की सगळ्यांना मोकळं बोलता येतं का, हे जरा पाहावं. वाडा, आमराई, सुट्टीतलं आजोळ, गणपतीची आरास अशा आठवणी एका ठरावीक थरातल्या असतात. ज्याचं बालपण चाळीतल्या एका खोलीत, गावकुसाबाहेर किंवा ऊसतोडीच्या फडावर गेलं, तो अशा वेळी हसून मान डोलावतो आणि गप्प बसतो. पुस्तकाचं पान सगळ्यांपुढे सारखं असतं. शिवाय माणसं कळतात तीही तिथेच. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर पुण्यात कॉलेजात वडिलांचे पैसे उधळतो. एखाद्याला त्याचा राग येतो, दुसऱ्याला वडिलांचा. कुणाला कुणाचा राग आला आणि का, यावरून शेजारच्या खुर्चीतला माणूस जितका कळतो, तितका त्याच्या आजोळच्या वर्णनावरून कळत नाही. पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं मोठ्याने वाचल्यावर तर पुष्कळदा कुणी काहीच बोलणार नाही. तेही चालेल.

आपण काही समीक्षक नाही, असंही म्हटलं जातं. त्याची गरजच नाही. प्रत्येकाने एक पान हेरून यावं, त्यातला परिच्छेद वाचून दाखवावा आणि तोच का निवडला ते सांगावं. पुस्तक न आवडलेल्याला आधी बोलू द्यावं. लेखकाच्या चरित्रावरचं भाषण वगळावं.

राहिला मुद्दा इथे वाढलेल्या मुलांचा, ज्यांना मराठी बोलता येतं पण देवनागरी सलग वाचता येत नाही. त्यांच्यासाठी वेगळा गट काढण्यापेक्षा वर्षातून एक-दोन वेळा इंग्रजी अनुवाद झालेली कादंबरी घ्यावी. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' जेरी पिंटोंनी इंग्रजीत आणली आहे. पुण्यातल्या एका घरातले भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात, आणि आधी भाऊ तनय, मग बहीण अनुजा आपापली बाजू सांगते. तनयचा भाग मुलांनी इंग्रजीत वाचून यावा, अनुजाचा मोठ्यांनी मराठीत, आणि बैठकीत एकमेकांना सांगावा. विषय काही घरांत अवघड वाटेल, तरी मुलांना चर्चेत आणायचं असेल तर तोच घ्यावा. मराठी प्रती भारतातून यायला वेळ लागतो, तेव्हा दिवाळीनंतरच्या बैठकीसाठी त्या आत्ताच मागवाव्या लागतील.