वीज वाहणारं जेल आणि मधुमेह्याची जखम

ईसीजी काढताना छातीला चिकटवतात त्या गोल पट्टीच्या मधोमध एक थंडगार चिकट थर असतो. तेच विद्युतवाहक हायड्रोजेल. बरंचसं पाणी, ते धरून ठेवणारं पॉलिमरचं जाळं आणि त्यात विरघळलेले क्षार. तारेतली वीज इलेक्ट्रॉन वाहतात, शरीरातली सोडियम, पोटॅशियम, क्लोराइडचे आयन. त्यात त्वचेचा वरचा कोरडा थर वीज अडवतो, आणि हृदयाचा त्वचेवर पोहोचणारा संकेत असतो जेमतेम एक मिलिव्होल्टचा! म्हणून मध्ये हे जेल लागतं. (सोनोग्राफीचं जेल ध्वनिलहरींसाठी असतं. ईसीजीला ते लावणं चूक, आणि हृदयाला शॉक देताना तर धोक्याचं.)

हायड्रोजेल जुनंच आहे. १९६० साली विख्तर्ले आणि लिम या चेक शास्त्रज्ञांनी ते 'नेचर'मध्ये मांडलं, त्यातूनच मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आल्या. आता त्यात पॉलिपायरोल, ग्राफीनसारखे वीजवाहक पदार्थ मिसळतात. मेंदूत किंवा नसांजवळ बसवायच्या कडक धातूच्या इलेक्ट्रोडभोवती व्रणाची ऊती जमते. मऊ जेलमुळे ती कमी जमावी, ही अपेक्षा मला रास्त वाटते.

माझा आक्षेप जखमेवरच्या दाव्यांना आहे. जखमेच्या कडेला नैसर्गिक विद्युतक्षेत्र असतं आणि पेशी त्याच्या दिशेने सरकतात, हे खरं. वीजवाहक जेलने उंदरांच्या जखमा लवकर भरल्या, हेही खरं. पण उंदराची जखम मुख्यतः कातडी आकसून मिटते, माणसाची तशी मिटत नाही. शिवाय प्रयोगातल्या उंदराला मधुमेह होऊन काही आठवडेच झालेले असतात. भवानी पेठेतल्या यंत्रमाग कामगाराला पंधरा वर्षांचा मधुमेह असतो, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या, तळवा बधिर, आणि त्याच पायावर दिवसभर उभं राहायचं असतं. व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ दाखवून "डॉक्टर, हे जेल मागवू का?" असं तो विचारतो, तेव्हा मी सरळ नाही म्हणतो. मधुमेही पायाबाबतच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०१९ मध्येच सांगितलंय, की नेहमीच्या योग्य उपचारांऐवजी विजेचे उपचार वापरू नयेत. जखमेवरचा भार काढणं, रक्तपुरवठा तपासणं, मेलेली ऊती काढणं, जंतुसंसर्ग आणि साखर आटोक्यात आणणं हे ते उपचार. यातलं सगळ्यात अवघड पहिलं, कारण भार काढायचा म्हणजे मागावरचा रोज बुडतो. यावर कुठल्याच जेलमध्ये उत्तर नाही.

घरी दुखण्यासाठी टेन्स मशीन वापरत असाल तर तिच्या पट्ट्यांवरही हेच जेल असतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते लवकर वाळतं. मग वीज पट्टीभर न पसरता एखाद्या ठिपक्यातून जाते आणि तिथे भाजतं. बधिर पायाला ते कळतही नाही, म्हणून मधुमेह्यांनी अशा पट्ट्या तळव्याला लावूच नयेत. पेसमेकर बसवलेला असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मशीनला हात लावू नये.